प्रतिजैविके: फार्मसीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका फार्मसीत औषधे देताना जे प्रश्न रोज कानावर पडतात, त्यांची उत्तरे येथे जरा सविस्तर दिली आहेत, कारण काउंटरवर मागे चार माणसे उभी असताना ती पुरती देता येत नाहीत. कोणते औषध घ्यावे हे ठरवणे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. त्यांनी लिहून दिलेले प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक, शरीरात काय करते आणि ते घेताना कशाकडे लक्ष ठेवावे, एवढाच या मजकुराचा विषय आहे.

अँटिबायोटिक म्हणजे ‘हाय पॉवर’ची गोळी का?

नाही, आणि बराचसा घोटाळा या ‘पॉवर’ शब्दानेच केला आहे. पॅरासिटामॉल ताप उतरवते, पण तापाच्या कारणाला हात लावत नाही. प्रतिजैविक याच्या उलट वागते. ते ताप थेट उतरवत नाही. ताप आणणारे जीवाणू मारते किंवा त्यांची वाढ थांबवते, आणि मग दोन-तीन दिवसांत ताप आपसूक खाली येतो. म्हणून ‘काल एक गोळी घेतली, ताप तसाच आहे, दुसरी जोरकस द्या’ ही मागणी बहुतेक वेळा घाईची असते. जीवाणूला लागू पडणारे साधे ॲमॉक्सिसिलिन हे लागू न पडणाऱ्या महागड्या इंजेक्शनपेक्षा कितीतरी प्रभावी ठरते. औषध आणि जंतू यांची जोडी जुळली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

ही औषधे मुळात जंतूंच्या आपापसातील लढाईतून मिळाली आहेत. लंडनमध्ये १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जीवाणू वाढवलेल्या बशीत बुरशी पडलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळलेले दिसले. त्या बुरशीतील द्रव्याचे माणसाला देता येईल असे औषध होण्यास १९४० नंतरची वर्षे उजाडली, आणि ते श्रेय ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या गटाचे आहे. या तिघांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना १९५० च्या दशकात पुण्याजवळ पिंपरीला उभा राहिला.

या गोळ्या जीवाणूंना मारतात, मग आपल्या पेशींना का मारत नाहीत?

कारण जीवाणूच्या शरीरात अशा काही गोष्टी असतात ज्या आपल्या पेशींत नसतात, किंवा असल्या तरी वेगळ्या घडणीच्या असतात. प्रतिजैविक नेमका तोच फरक हेरते.

सर्वांत ठळक फरक भिंतीचा. बहुतेक जीवाणूंभोवती एक टणक भिंत असते. आपल्या पेशींना नुसते मऊ आवरण असते. चिऱ्यांची भिंत रचताना चिरे रचून दिले, पण मधले चुना-सिमेंट पडूच दिले नाही, तर आतून दाब येताच ती ढासळेल. पेनिसिलिन आणि त्याचे भाऊबंद नेमके तेवढेच करतात. भिंतीचे धागे एकमेकांना सांधणारे विकर (एन्झाइम) ते निकामी करतात, आणि जीवाणू आतील दाबाने फुटतो. जीवाणू वाढत असताना आणि नवी भिंत रचत असतानाच ही औषधे काम करतात, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. मायकोप्लाझ्मासारख्या, काही न्युमोनियांना कारण ठरणाऱ्या जीवाणूंना भिंतच नसते. तेथे पेनिसिलिन कितीही दिले तरी उपयोग शून्य.

दुसरा फरक प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमांचा. ते आपल्याकडेही असतात, पण जीवाणूंचे लहान आणि वेगळ्या बांधणीचे असतात. डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही औषधे त्या लहान रायबोसोमांवर वेगवेगळ्या जागी जाऊन बसतात आणि प्रथिननिर्मिती थांबवतात किंवा बिघडवतात. मात्र आपल्या पेशींतील ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांमध्ये जीवाणूंसारखेच रायबोसोम असतात, त्यामुळे लिनेझोलिडसारखे औषध अनेक आठवडे चालल्यास रक्तपेशी कमी होऊ शकतात. दुष्परिणाम हा औषधाच्या कामाचाच एक भाग कसा असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

उरलेले मार्ग थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणारे विकर अडवतात. रिफॅम्पिसिन डीएनएवरून आरएनए बनू देत नाही. सल्फा औषधे जीवाणूला फोलेट हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू देत नाहीत. आपण फोलेट अन्नातून घेतो, म्हणून बचावतो.

एवढी नावे आहेत. त्यांचे प्रकार किती?

पट्टीवरच्या व्यापारी नावांकडे पाहिले तर शेकडो, आतील औषधाकडे पाहिले तर मोजके. एकाच औषधाला दहा कंपन्या दहा नावे देतात, आणि ‘डॉक्टरांनी बदलून दिले’ असे समजून तेच औषध दोन नावांनी दुप्पट घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. म्हणून मोठ्या अक्षरांतील नावाखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते, ते वाचण्याची सवय लावावी.

पेनिसिलिनचे कुटुंब सर्वांत जुने आहे; ॲमॉक्सिसिलिन त्यातलेच. काही जीवाणू हे औषध तोडणारे विकर तयार करू लागल्यावर त्या विकराला गुंतवून ठेवण्यासाठी ॲमॉक्सिसिलिनला क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिली गेली. हे आम्ल स्वतः जीवाणू फारसे मारत नाही, ते जोडीदाराला वाचवते. त्याचे मोल पोटाला द्यावे लागते, कारण साध्या ॲमॉक्सिसिलिनपेक्षा या जोडगोळीने जुलाब अधिक होतात. सेफॅलोस्पोरिनचे कुटुंब पेनिसिलिनचे चुलत भावंड म्हणता येईल. सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम आणि रुग्णालयात दिले जाणारे सेफ्ट्रिॲक्सोन ही त्यातली परिचित नावे. मेरोपेनेमसारखी कार्बापेनेमे त्याच वंशातली असली तरी गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायची.

भिंतीशी संबंध नसलेल्या औषधांत ॲझिथ्रोमायसिनचा मॅक्रोलाइड गट, डॉक्सिसायक्लिनचा टेट्रासायक्लिन गट, जेंटामायसिन आणि ॲमिकासिन यांचा ॲमिनोग्लायकोसाइड गट, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांचा फ्लुरोक्विनोलोन गट येतो. मेट्रोनिडॅझोल हे प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंवर आणि अमीबावर चालते. क्षयरोगाची औषधे हा स्वतंत्र प्रांत आहे. तेथे पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, असा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून या सर्वांची आणखी एक विभागणी केली आहे. पहिल्या गटात सहज वापरायची औषधे, दुसऱ्यात जपून वापरायची आणि तिसऱ्यात अगदी शेवटी काढायची. ॲमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. आपल्याकडे सर्दीवर सर्रास मागितले जाणारे ॲझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या गटात आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

सर्दी, घसा आणि खोकला यांना डॉक्टर अँटिबायोटिक का देत नाहीत?

सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते. विषाणूला भिंत नसते आणि स्वतःचे रायबोसोमही नसतात. तो आपल्याच पेशींची यंत्रे वापरतो. प्रतिजैविकाने मारा करावा असे तेथे काहीच नसते. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणूच आले, हा समजही बरोबर नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. श्वास लागणे, आधी बरे वाटून पुन्हा ताप चढणे, कानातून पू येणे अशी लक्षणे दिसली तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा तपासून घ्यावे.

दोन आठवड्यांहून अधिक चाललेल्या खोकल्यावर मात्र स्वतःहून कोणतेही प्रतिजैविक घेऊ नये. फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांनी क्षयाची लक्षणे काही काळ दबतात, रुग्णाला बरे वाटते, आणि निदान काही महिने पुढे जाते.

पावसाळ्यात ताप आला की डॉक्सिसायक्लिन घेतलेले बरे, असे ऐकले आहे. खरे आहे का?

अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे धोक्याचे. गोव्यात जूनपासून येणाऱ्या तापाला एकच नाव नाही. भातशेतीच्या चिखलात अनवाणी उतरणारे, गटारे साफ करणारे आणि गुरे सांभाळणारे यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर व इतर बाधित जनावरांच्या लघवीतून हा जीवाणू पाण्यात आणि चिखलात येतो, आणि पायावरच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात शिरतो. जोराचा ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे आणि डोळे लाल होणे ही त्याची ओळखीची लक्षणे. डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली तर तासही दवडू नये. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन उत्तम चालते, गंभीर रुग्णाला पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने लागतात. पहिल्या डोसनंतर काही तास थंडी-ताप वाढू शकतो, कारण एकदम मेलेल्या जीवाणूंच्या अवशेषांना शरीर प्रतिसाद देत असते. घाबरून औषध बंद करू नये, पण डॉक्टरांना अवश्य कळवावे.

झाडाझुडपांतील सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफसही डॉक्सिसायक्लिनला दाद देतो. हा जीवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो. ॲमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिमचा त्यावर परिणाम होत नाही. आठवडाभर सेफिक्झिम घेऊनही न उतरलेल्या तापामागे कधी कधी हेच कारण निघते.

आता दुसरी बाजू. डेंग्यू हा विषाणू आहे, आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील माकडतापही विषाणूमुळेच होतो. २०१५ पासून त्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत. गोचिडींमार्फत पसरणारा हा आजार काजूच्या हंगामात, म्हणजे माणसे रानात अधिक वावरतात तेव्हा, डोके वर काढतो. या दोन्ही आजारांवर डॉक्सिसायक्लिनचा काही उपयोग नाही. गोळी पोटात गेली म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि रक्ततपासणीला जात नाही, हा खरा तोटा. ताप येण्याआधी शेतात, रानात किंवा साचलेल्या पाण्यात गेला होता का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते.

दोन दिवसांत बरे वाटले. उरलेल्या गोळ्या बंद करू का?

स्वतःच्या मनाने करू नयेत. ‘कोर्स पुरा करा’ हा जुना उपदेश आता जसाच्या तसा सांगितला जात नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अनेक आजारांत कमी दिवसांचे उपचार तितकेच चांगले ठरले आहेत. साध्या न्युमोनियाला रुग्ण सुधारत असेल तर पाच दिवसही पुरतात. विनाकारण लांबवलेला कोर्स आतड्यातील निरुपद्रवी जीवाणूंनाही रोधकता, म्हणजे औषधाला दाद न देणे, शिकवतो. पण किती दिवस पुरे, हे आजारावर अवलंबून असते. स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गात पेनिसिलिन दहा दिवस देतात ते पुढे हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून, आणि क्षयात मध्येच औषध सोडणे म्हणजे रोधक क्षयाला आमंत्रण. लवकर बरे वाटल्यास डॉक्टरांना फोन करून विचारावे. काही वेळा ते स्वतःच थांबवायला सांगतात.

अँटिबायोटिकने पोट का बिघडते? ताक प्यावे का?

औषधाला मित्र-शत्रू कळत नाही. आतड्यात राहणारे उपयोगी जीवाणूही त्यात मरतात, पचनाची घडी विस्कटते आणि मऊ शौच किंवा जुलाब होतात. बहुतेकांना हे औषध संपताच थांबते. तोवर पेज, ताक, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस चालू ठेवावे. ताकाने पाणी आणि क्षार भरून निघतात. ते औषधाचा उतारा आहे असा दावा मात्र करू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ताक गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावे. त्याचे कारण पुढे येते.

जुलाब पाण्यासारखे आणि दिवसातून अनेकदा होत असतील, त्यांत रक्त असेल, पोटात कळा आणि ताप असेल, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूचा विचार करावा लागतो. बाकीचे जंतू मेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत हा वाढतो आणि आतड्याला सूज आणणारे विष सोडतो. औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकते. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेणे ही मोठी चूक ठरते. तोंडात पांढरे चट्टे येणे किंवा स्त्रियांना योनिमार्गात खाज सुटणे हेही याच तऱ्हेचे. तेथे मोकळ्या जागेत बुरशी वाढते.

मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे लहानपणी सांगितले होते. ती कायम राहते का?

बहुधा नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना तपासणीत ते औषध निर्धोकपणे देता येते असे आढळते. काहींना तेव्हा विषाणूमुळे पुरळ आलेले असते, काहींना नुसती मळमळ झालेली असते, आणि खरी ॲलर्जीही वर्षानुवर्षांत ओसरते. तरीही घरी ‘एक घेऊन पाहू’ असा प्रयोग करू नये. ही तपासणी रुग्णालयातच व्हावी. त्या वेळी नेमके काय झाले होते, गोळी घेतल्यावर किती वेळाने झाले आणि इंजेक्शन द्यावे लागले का, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

औषध घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वासात शिट्टी वाजणे किंवा चक्कर येऊन कोसळणे ही तातडीची अवस्था आहे. १०८ ला फोन करावा. काही दिवसांनी येणारे, त्वचेची साल निघणारे किंवा तोंड-डोळ्यांत फोड आणणारे पुरळही तितकेच गंभीर समजावे.

ठरावीक औषधांचे ठरावीक दुष्परिणाम कोणते?

सगळे सांगितले तर कोणी गोळीच घेणार नाही, म्हणून खरोखर उपयोगी पडणारे तेवढेच सांगतो. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला फार हळवी होते. शेतात किंवा किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी अंग झाकावे. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो, त्यामुळे ती पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये. फ्लुरोक्विनोलोन औषधांनी टाचेमागची शीर दुखू लागते आणि क्वचित तुटतेही, विशेषतः साठीनंतर आणि स्टेरॉइड चालू असताना. दुखू लागताच गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर या गटामुळे एकदम खाली-वर होऊ शकते. ॲझिथ्रोमायसिन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, म्हणून हृदयरोगाची औषधे चालू असल्यास आधी सांगावे. जेंटामायसिन आणि ॲमिकासिन यांचा परिणाम मूत्रपिंडावर आणि कानावर होतो, आणि कानाचा कायमचा राहू शकतो. रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते. ते निरुपद्रवी आहे, पण कोणी आधी सांगितले नाही तर माणूस हादरतो.

दूध, पित्ताची गोळी आणि हुर्राक यांचे काय?

दुधातील कॅल्शियम, तसेच लोहाच्या व आम्लपित्ताच्या काही गोळ्यांतील धातू सिप्रोफ्लॉक्सासिनला आणि टेट्रासायक्लिनांना आतड्यात धरून ठेवतात, त्यामुळे औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्या दोन तास आधी घ्यावे, किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी. ॲमॉक्सिसिलिनला दुधाचे वावडे नाही.

मार्च ते मे या काळात तिसरा, म्हणजे हुर्राक या काजूच्या दारूचा प्रश्न हमखास येतो, बहुधा हळू आवाजात. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना हुर्राक, फेणी, बियर यांपैकी काहीही घेऊ नये, आणि शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस थांबावे. अन्यथा चेहरा लाल होणे, छाती धडधडणे आणि ओकाऱ्या होणे असा त्रास होऊ शकतो. क्षयाच्या औषधांसोबतची दारू यकृतावर घाला घालते. ॲमॉक्सिसिलिनशी दारूचे थेट भांडण नाही, तरी तापात शरीर आधीच कोरडे पडलेले असते.

मुलांच्या सिरपमध्ये पाणी किती घालायचे?

बाटलीवरील खुणेपर्यंत, उकळून पूर्ण गार केलेले. आधी निम्मे पाणी घालून बाटली हलवावी, मग खुणेपर्यंत भरावी, आणि प्रत्येक डोसापूर्वी पुन्हा हलवावी. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेले सिरप फ्रिजमध्ये ठेवावे लागते आणि सहसा सात दिवसांत संपवावे लागते. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली तर ते वापरण्यापूर्वी आम्हाला विचारावे. घरचे चमचे एकसारखे नसतात, म्हणून सोबतच्या मापानेच द्यावे. आठ वर्षांखालील मुलांना दात पिवळे-करडे पडू नयेत म्हणून टेट्रासायक्लिने सहसा टाळतात, मात्र स्क्रब टायफससारख्या आजारात डॉक्टर जाणीवपूर्वक थोडे दिवस डॉक्सिसायक्लिन देतात.

गरोदरपणात कोणती चालतात?

पेनिसिलिने आणि सेफॅलोस्पोरिने दीर्घ अनुभवाने सुरक्षित मानली जातात. टेट्रासायक्लिने आणि फ्लुरोक्विनोलोने टाळतात. दिवस राहिल्याची नुसती शंका असली तरी ती सांगावी.

चिठ्ठीशिवाय का देत नाही? शेजारची फार्मसी देते.

पट्टीवर उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही असा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांसाठी, ज्यांत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने, कार्बापेनेमे आणि क्षयाची औषधे येतात, आम्हाला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. शेजारची फार्मसी देत असेल तर ती चूक करते आहे. आम्हीही पूर्वी ओळखीच्या भिडेने अशी चूक केलेली आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

पूर्वी लागू पडणारे औषध आता का पडत नाही?

आपले शरीर औषधाला सरावते असा समज आहे, तो चुकीचा आहे. सरावतात ते जीवाणू. पोषक परिस्थितीत इ. कोलाय हा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि इतक्या पिढ्यांत एखाद्याच्या जनुकात औषधाला चकवणारा बदल घडतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि वाढतो. शिवाय हे जनुक प्लास्मिड नावाच्या छोट्या डीएनए-कड्यांवरून एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाते, जणू वहीतले उत्तर शेजाऱ्याने उतरवून घ्यावे. विषमज्वराचेच पाहा: सिप्रोफ्लॉक्सासिनने चार दिवसांत उतरणारा तो ताप आता भारतात त्याला बहुतांशी दाद देत नाही, आणि डॉक्टर सेफ्ट्रिॲक्सोन किंवा ॲझिथ्रोमायसिनकडे वळतात. २०१९ या एका वर्षात जगभरात रोधक जीवाणूंमुळे थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. कोंबड्या-जनावरांना वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर भारताने त्याच वर्षी बंदी घातली, कारण माणसांसाठी ते शेवटच्या फळीतले औषध आहे.

वारंवार लघवीचा संसर्ग होत असेल तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर द्यावे. प्रयोगशाळा जीवाणू वाढवून त्यावर वेगवेगळी औषधे तपासते. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध चालते हे त्यात नावानिशी लिहिलेले असते. गोळी आधी घेतली तर जीवाणू वाढतच नाहीत आणि अहवाल फसवा येतो.

मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या आहेत. ठेवू का?

ठेवू नका, शेजारी देऊ नका, विहिरीजवळ किंवा संडासात टाकू नका. फार्मसीत विचारा, परत घेण्याची सोय नसल्यास पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, बंद पिशवीत सुक्या कचऱ्यापासून वेगळ्या द्याव्यात.